खाणीनंतरची जमीन



संध्याकाळीं बटण दाबलें कीं घरांत दिवा लागतो. हा उजेड कोठून आला, असा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येत असेल. महाराष्ट्रांत या उजेडाचा फार मोठा वांटा कोळशाचा आहे. चंद्रपूरचें औष्णिक वीजकेंद्र एकटें २,९२० मेगावॉट शक्तीचें आहे, आणि त्या भागांतील वर्धा नदीच्या खोऱ्यांत कोळशाच्या मोठमोठ्या उघड्या खाणी पसरलेल्या आहेत. स्वयंपाकघरांतील पोलादाच्या भांड्यांत मँगनीज असतें. भिंतींतील सिमेंट चुनखडीपासून होतें. खिडकीच्या चौकटीचें ॲल्युमिनियम बॉक्साइटांतून निघतें. ज्यानें जन्मांत खाण पाहिली नाहीं, असा शहरांतला गृहस्थहि अशा रीतीनें खाणीचा ऋणको आहे. धनकोची, म्हणजे त्या जमिनीची, पुढें काय दशा होते आणि हें ऋण फेडतां येतें कीं नाहीं, याचा आज थोडक्यांत विचार करूं.

उघडी खाण म्हणजे काय, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. भुयार खणून आंतून खनिज काढण्याऐवजीं वरची जमीनच सोलून काढावयाची, अशी ही रीत आहे. आधीं झाडें तोडतात, मग माती उचलतात, मग सुरुंग लावून खडक फोडतात. आणि हें सगळें बाजूस नेऊन टाकल्यावर खनिज हातीं लागतें. एक टन कोळशासाठीं कित्येक घनमीटर दगडमाती उपसावी लागते. गोव्याच्या लोहखनिजांत दर टनामागें अडीच ते तीन टन निरुपयोगी दगडमाती निघते. हे ढिगारे टेंकडीएवढे वाढतात. पण त्यांच्या उंचीपेक्षां एक गोष्ट अधिक अनर्थाची आहे, आणि ती डोळ्यांना चटकन दिसत नाहीं. जी माती युगानुयुगें वर होती ती तळाशीं गाडली जाते, आणि ज्या खडकानें कधीं सूर्य पाहिला नव्हता तो सर्वांत वर येऊन बसतो.

या उलथापालथीचा अर्थ समजण्यासाठीं खाणीच्या मुलखांत जाण्याचें कारण नाहीं. मी परभणी जिल्ह्यांतील बोरी गांवचा राहणारा. आमच्याकडे कोळसा नाहीं कीं मँगनीज नाहीं. आहे तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. परंतु रस्त्याच्या भरावासाठीं मुरूम काढून तसेच सोडून दिलेले खड्डे आमच्या जिंतूर तालुक्यांतील माळांवरहि आढळतात. अशा खड्ड्याच्या कडेला जमिनीचा छेद स्पष्ट दिसतो. वर काळी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि मुरमाखालीं अखंड पाषाण. ही काळी त्या पाषाणाचीच लेक आहे. ऊन, पाऊस, मुळें, किडे आणि गवताचें कुजणें यांनीं पाषाणाचा मुरूम केला व मुरमाची माती केली. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. यंत्राच्या एका फावड्यास ती उचलण्यास एक मिनिटहि लागत नाहीं. बांधावरची काळी आणि खड्ड्यांतला मुरूम यांच्यावर पाऊस एकच पडतो. तरी एकीवर ज्वारी डोलते व दुसऱ्यावर कुसळी गवतहि विरळ येतें. खाणीचा ढिगारा हा त्या खड्ड्याच्या तळाचाच मोठा भाऊ समजावा.

मग अशा ढिगाऱ्यावर रोपें लावलीं तर तीं कां मरतात? त्याचीं चार कारणें आहेत.

पहिलें कारण उपासमारीचें. खडकांत पालाश असेल, थोडें स्फुरदहि असेल, पण वनस्पतीच्या उपयोगाचा नत्र त्यांत जवळजवळ नसतो. नत्र हवेंत अमाप आहे. परंतु तो जमिनींत उतरतो तो मुख्यतः सूक्ष्म जिवाणूंच्या हातून, आणि कुजलेल्या पालापाचोळ्यांत सांठून राहतो. ढिगाऱ्यांत जिवाणू नाहींत आणि पाचोळाहि नाहीं.

दुसरें कारण पाण्याचें. चांगली माती स्पंजासारखी असते. तिच्यांतील बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. दगडगोट्यांच्या ढिगांत कांहीं ठिकाणीं पाणी एकदम खालीं निघून जातें, तर जेथें अवजड वाहनांनीं पृष्ठभाग दाबून टाकलेला असतो तेथें तें आंत शिरतच नाहीं, वरच्यावर वाहून जातें.

तिसरें कारण उष्णतेचें. काळसर दगडांचा उघडा उतार वैशाखांत इतका तापतो कीं कोंवळ्या रोपाचें खोड जमिनीपाशींच करपतें.

चौथें कारण विषाचें. कोळशाच्या थरांत पुष्कळदां लोह व गंधक यांचें एक खनिज असतें. हवा आणि पाणी लागतांच त्यापासून आम्ल तयार होतें, व त्या आम्लांत निरनिराळ्या धातू विरघळून मुळांपर्यंत पोंचतात.

या चारहि अडचणींचा निरास केल्याशिवाय केलेलें वृक्षारोपण म्हणजे पाहुण्यांना आमंत्रण देऊन घरांत पाणीहि न ठेवण्यासारखें आहे.

आतां उपाय पाहूं. त्याची पहिली पायरी खाण सुरू होण्याच्या दिवशींच असते. वरची माती वेगळी उचलावी, वेगळी ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर पुन्हां पसरावी. ‘लवकर’ या शब्दावर माझा भर आहे. मातीचा उंच ढीग वर्षानुवर्षें पडून राहिला तर त्याच्या पोटांत हवा पोंचत नाहीं. आंतले जिवाणू मरतात, गवताचें बीं कुजतें, आणि शेवटीं माती नांवाची राहते, गुणाची राहत नाहीं. ठेवावीच लागली तर ढीग ठेंगणा असावा व त्यावर ताग किंवा धैंचा पेरून तो जिवंत ठेवावा. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील जर्रा नांवाच्या वृक्षांच्या अरण्यांत १९६३ पासून बॉक्साइट खणलें जात आहे. तेथें एका जागेची ताजी माती उचलून लगोलग खणून संपलेल्या दुसऱ्या जागेवर पसरण्याची रीत पडली. मातीबरोबर तिच्यांत झोंपलेलें रानाचें बीं आपोआप येतें, व रोपवाटिकेंत जीं झाडें कोणी वाढवीत नाहीं तींहि उगवतात. इतकें करूनहि मूळचें अरण्य खरोखर परत आलें काय, हा वाद तेथें अद्याप मिटलेला नाहीं. यावरून या कामाची कठिणता ध्यानांत यावी.

दुसरी पायरी ढिगाऱ्यास आकार देण्याची. दगडमाती ओतली कीं ती स्वतःच्या भारानें तीव्र उतार धरते. अशा उतारावर पहिल्याच पावसांत घळी पडतात. म्हणून टप्पे पाडून उतार सौम्य करावा लागतो. एकंदर ढाळ साधारण २८ अंशांहून अधिक नसावा, अशी अट पुष्कळदां घालण्यांत येते. पायथ्याशीं भिंत आणि भोंवतीं माळेसारखा चर काढून वाहून येणारा गाळ तेथेंच अडवावयाचा. गोव्यासारख्या प्रदेशांत, जेथें वर्षाला सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथें ही पायरी चुकली तर लाल गाळ ओहोळांत उतरतो आणि खालच्या भातशेतांवर त्याचे थर बसतात. तोट्यांत जातो तो ज्यानें खाण काढली तो नव्हे, खालच्या अंगास भात लावणारा शेतकरी.

आकार देतांना एक सावधगिरी मात्र पाळली पाहिजे, आणि ती जगाला महाग पडून कळली. अमेरिकेंत १९७७ मध्यें उघड्या खाणींबद्दल एक कडक कायदा झाला. उकरलेली जमीन शक्य तों पूर्वींच्या आकाराची करून द्यावी, असा त्याचा हेतु होता, व तो स्तुत्यच होता. परंतु ढिगारे ढासळूं नयेत म्हणून जड यंत्रांनीं जमीन इतकी चोपण्यांत आली आणि वर इतकें दाट गवत पेरण्यांत आलें, कीं ॲपलाचियन पर्वतांतील जुन्या अरण्याच्या जागीं वृक्ष वाढेनातच. मुळांना शिरावयास वाटच उरली नव्हती. अखेर २००४ मध्यें तेथील खाणखात्यानें व राज्यांनीं मिळून नवी चळवळ सुरू केली: वरची निदान ४ फूट माती भुसभुशीत ठेवा, गवत विरळ पेरा, मग झाडें लावा. जमीन गुळगुळीत व नीटनेटकी दिसणें आणि ती सजीव असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांतून मिळाला.

तिसरी पायरी मातीच्या अभावीं माती घडविण्याची. ज्या जुन्या खाणींत वरची माती कोणी राखलीच नाहीं, तेथें काय करावें? याचें एक उत्तर आपल्या नागपुरांत शोधलें गेलें आहे. तेथें १९५८ मध्यें सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीसाठीं एक केंद्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, अर्थात् ‘नीरी’, या नांवानें ओळखली जाते. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नागपूर जिल्ह्यांतील गुमगांव येथील मँगनीजच्या खाणीच्या ढिगाऱ्यांवर प्रयोग केले. ही खाण ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची. या कंपनीची परंपरा मध्यप्रांतांत १८९६ सालीं सुरू झालेल्या मँगनीजच्या उद्योगापर्यंत मागें जाते. मँगनीजचा ढिगारा म्हणजे दगड, धातू आणि धूळ. त्यांत वनस्पतीस पोसणारें कांहीं नाहीं. तेथें या शास्त्रज्ञांनीं साखर कारखान्यांतला टाकाऊ माल आणला. उसाचा रस निवळतांना जो गाळ मागें राहतो, ज्यास प्रेसमड म्हणतात, तो सेंद्रिय द्रव्यानें भरलेला असतो. हा गाळ ढिगाऱ्यांत मिसळला, आणि रोपांच्या मुळांशीं निवडक जिवाणू व बुरशी सोडली.

जिवाणूंचें काम आमच्या शेतकऱ्यांना परकें नाहीं. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या बियाण्यास पेरणीपूर्वीं जें जिवाणूखत चोळतात, त्यांतील ऱ्हायझोबियम मुळांवर गांठी करून हवेंतला नत्र धरतो. ॲझोटोबॅक्टर हा गांठीवांचून तेंच काम करतो. बुरशीचें काम मात्र निराळें व फार मनोहर आहे. मायकोऱ्हायझा नांवाची ही बुरशी मुळाच्या आंत घर करते आणि केसाहून बारीक तंतू बाहेर दूरवर पसरते. मूळ जेथें पोंचत नाहीं तेथून ती स्फुरद व पाणी आणून देते, आणि मोबदल्यांत झाडाकडून साखर घेते. रानांत ही भागीदारी आपोआप जुळते. ढिगाऱ्यावर ती जुळवून द्यावी लागते. अशी तयारी झाल्यावर साग, शिसू, शिवण, कडुनिंब, करंज यांसारखीं झाडें जीव धरूं लागतात.

हीच रीत पुढें कोळशाच्या ढिगाऱ्यावर, १० हेक्टर क्षेत्रांत, आजमावून पाहण्यांत आली. डॉ. आशा जुवारकर व त्यांच्या सहकारी यांनीं २००८ मध्यें तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या वेळीं प्रेसमडऐवजीं सांडपाणी शुद्ध करतांना उरणारा गाळ हेक्टरीं ५० टन या प्रमाणांत घातला. जे उपयुक्त जिवाणू ढिगाऱ्यांत जवळजवळ नव्हते ते पुष्कळ वाढले, आणि विषारी धातूंचा उपद्रवहि घटला. कारण हा गाळ अल्कधर्मी होता, व अशा जमिनींत धातू बांधल्या जाऊन झाडांत कमी शिरतात. अर्थात् सांडपाण्याच्या गाळांतहि स्वतःच्या धातू असूं शकतात. तो तपासून घेतल्याशिवाय कोठेंहि वापरणें शहाणपणाचें नव्हे. तरीपण यांतलें तत्त्व गृहिणींना विशेष पटेल: एका घरचा उरलासुरला टाकाऊ माल दुसऱ्या घरीं खत होतो. साखरेनें मँगनीजच्या जमिनीची शुश्रूषा केली, असेंच म्हणावयाचें.

येथवर जें सांगितलें त्याचें सार असें, कीं आधीं माती, मग गवत व शेंगवर्गीय झुडपें, मग झाडें आणि सर्वांच्या शेवटीं रान. हा क्रम निसर्गाचाच आहे. मनुष्य त्याची गति वाढवूं शकतो, पण पायरी गाळूं शकत नाहीं.

आतां कसोटीचा प्रश्न. एखादा ढिगारा हिरवा दिसूं लागला म्हणजे काम झालें काय? गोव्यांत खाणींच्या ढिगाऱ्यांवर अकेशिया हें ऑस्ट्रेलियांतून आलेलें झाड मोठ्या प्रमाणावर लावलें गेलें. तें लवकर वाढतें, उतार धरून ठेवतें, स्वतः नत्र मिळवितें; प्रथमोपचार म्हणून त्याचें महत्त्व मी नाकारीत नाहीं. परंतु एकाच जातीच्या रांगांखालीं ना नाना तऱ्हेचीं फळें, ना तितके पक्षी. प्रथमोपचारानें रोगी बरा झाला असें जाहीर करून वैद्यानें घरीं जावें, तसें तें होईल.

चंद्रपुरांत याच प्रश्नाला अधिक दारुण रूप आलें. तेथील खाणींच्या ढिगाऱ्यांवर आणि पडीक जमिनींवर वेडी बाभूळ माजली आहे. ताडोबाचें व्याघ्र-अरण्य जवळच आहे. या कांटेरी जाळ्या दाट असल्यामुळें वाघ-बिबट्यांना लपावयास सोयीच्या, आणि त्या कामगारांच्या वस्त्यांना अगदीं लागून आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्यें औष्णिक केंद्राच्या व दुर्गापूरच्या परिसरांत लागोपाठ दोन दिवसांत एक कामगार आणि एक शाळकरी वयाचा मुलगा वन्य श्वापदांना बळी पडले. तो प्रदेश दूरून पाहणाऱ्यास हिरवाच दिसतो. पण त्यांत हरणांना पुरेसें कुरण नाहीं आणि माणसांना निर्भय वाटहि नाहीं. तें ना धड रान, ना धड गांव. कोणती झाडें कोठें व कशासाठीं, याचा विचार न होतां जमीन सोडून दिली म्हणजे हिरवेपणा देखील जिवावर बेततो.

याच्या उलटहि एक चूक संभवते. सगळी जमीन पूर्वीं जंगलच होती, असें नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांत ज्या सपाट सड्यांवर बॉक्साइट सांपडतें, तेथें मुळांत वृक्ष थोडे; पावसाळ्यांत कांहीं आठवडे बारीक फुलांचे गालिचे पसरतात आणि मग जांभा खडक उघडा पडतो. साताऱ्याजवळचें कास पठार याच जातीचें. अशा सड्यावर खाणीनंतर दाट झाडें लावणें म्हणजे दुसऱ्याचेंच घर बांधून ‘घ्या तुमचें घर’ म्हणण्यासारखें आहे. जें होतें त्याची नोंद खणण्याआधीं केली असेल, तरच काय परत द्यावयाचें हें कळेल.

या सर्वांस कायद्याचा आधार आहे. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनीं वरची माती वेगळी काढून जमीन पूर्ववत् करण्याच्या कामीं वापरण्याचें बंधन घातलें, व २०१७ च्या नव्या नियमांतहि तें राहिलें. कोळशाच्या खाणींसाठीं २००९ मध्यें केंद्र सरकारनें वेगळीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. खाण चालू असतांनाच तिच्या समाप्तीच्या खर्चाची रक्कम दरवर्षीं वेगळ्या खात्यांत ठेवावी, असें त्यांत सांगितलें. ८ जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी पुढचें पाऊल टाकलें. खाण संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हां गवत येऊन ती चारा, वनस्पति व प्राणी यांस योग्य झाली पाहिजे, अशी अट खाणपट्टेदारांवर घालण्यास त्यानें सरकारला फर्माविलें. गवताचा उल्लेख न्यायालयानें करावा, हें मला फार अर्थपूर्ण वाटतें. कारण खाणीच्या कांठच्या गुराख्याला प्रथम गवतच लागतें.

मुरूम आणि गिट्टी हीं मात्र गौण खनिजें. १९५७ च्या खनिज कायद्यानें त्यांचा कारभार राज्यांकडे सोंपविला आहे. खड्डे लहान, पण संख्येनें अनेक. आणि त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. येथें मोठ्या संशोधनाची गरज नाहीं. खड्ड्याच्या उभ्या कडा उतरत्या कराव्यात, म्हणजे गुरें-पोरें पडण्याचें भय जाईल. महाराष्ट्रांत २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेंत तलावांतील गाळ शेतांत नेतात. त्यांतल्या कांहीं गाड्या अशा खड्ड्यांकडेहि वळवाव्यात. पहिल्या वर्षीं ताग पेरून तो तेथेंच गाडावा, आणि मग कडुनिंब, करंज, बोर, सीताफळ हीं आपल्या मातीचीं झाडें लावावींत. माळावर गेलेली काळी अशी थोडीथोडी परत येईल.

शहरांतल्या श्रोत्यांनीं काय करावें, असें कोणी विचारील. वीज वापरूं नका, असें मी सांगत नाहीं. मीहि दिव्याखालीं बसूनच हें लिहीत आहें. परंतु खाणीच्या जागीं इतकीं लक्ष झाडें लाविलीं, अशी जाहिरात वाचनांत येते तेव्हां चार प्रश्न अवश्य विचारावेत. वरची माती राखली होती काय? पूर्वीं तेथें काय होतें आणि आतां कोणत्या जाती लावल्या आहेत? लावलेलीं झाडें पांच वर्षांनीं कितीशीं जगलीं? आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या गुरांना तेथें चरावयास मिळतें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर माती घडविण्याचा खर्च कोण करीत आहे, हेंहि विचारावें. नागरिक झाडांची संख्याच मोजूं लागले, कीं कंपन्या संख्याच दाखवितात. नागरिक मातीची चौकशी करूं लागले, तर मातीची काळजी घेणें त्यांस भाग पडेल.

कोळसा एकदां जाळला म्हणजे संपला. जमीन मात्र नीट राखली तर पुढच्या शंभर पिढ्यांना पोसते. जें संपणार आहे त्यासाठीं जें टिकणार आहे तें घालवूं नये, एवढाच हिशेब या सर्व शास्त्राच्या मुळाशीं आहे, आणि तो समजण्यास फार शिकलेलें असावें लागत नाहीं.